गळ टाकताना उद्दिष्ट ठेवावे का?

प्रश्न : मी चिपळूणजवळ राहतो आणि गेली काही वर्षे सुट्टीच्या दिवशी वाशिष्ठीच्या खाडीत गळाने मासे पकडतो. घरची मासळी बाजारातूनच येते, त्यामुळे हा उद्योग निव्वळ हौसेचा आहे. गेल्या वर्षी आमच्या मित्रमंडळात असे ठरले की प्रत्येकाने वर्षाचे उद्दिष्ट लिहून काढावे. मी तीन लिहिली : दहा किलोचा जिताडा, बारा वेगवेगळ्या जातींचे मासे आणि वर्षभरात शंभर मासे. फोनमधल्या एका ॲपवर नोंदही ठेवू लागलो. सुरुवातीला हुरूप आला. पण पुढे लक्षात आले की मासा न लागलेल्या दिवशी मी चिडून घरी येतो आणि लागलेल्या दिवशीही ‘अजून किती राहिले’ हाच हिशेब डोक्यात असतो. पत्नी म्हणते, ‘अहो, तुम्हांला तिथेसुद्धा साहेब लागतोच का?’ तिचे म्हणणे पटते. तरीही उद्दिष्ट सोडले तर वर्षानुवर्षे त्याच दगडावर बसून तेच करत राहू, अशी धास्ती वाटते. हौसेने मासेमारी करणाऱ्याने उद्दिष्टे ठेवावीत का?
— एक वाचक, जिल्हा रत्नागिरी

उत्तर : आपल्या पत्नीच्या बोलण्यात तथ्य आहे आणि आपल्या धास्तीतही आहे. उद्दिष्ट ठेवावे, असेच माझे मत आहे. मात्र आपण लिहिलेल्या तिन्हींपैकी एकच जसेच्या तसे ठेवण्याजोगे आहे. उद्दिष्ट पारखताना मी एवढेच पाहतो की पाण्याच्या काठावर पोहोचल्यानंतर ते माणसाला काय करायला लावते. त्याच्यामुळे तो पाण्याकडे, वाऱ्याकडे आणि आमिषाकडे अधिक बारकाईने पाहू लागला, तर ते कामाचे आहे. संध्याकाळी परतताना दिवस पास की नापास एवढेच ते ठरवत असेल, तर ते हौसेच्या मुळावर येते.

शंभर माशांचे उद्दिष्ट आजच खोडून टाका. खाडीच्या चिखलट भागात कोलंबीचा तुकडा तळाला सोडून बसले की शेंगट्या लागतच राहतात, आणि संख्या भरायची असेल तर माणूस नकळत तेच करू लागतो. मापालाच लक्ष्य केले की ते माप म्हणून निकामी होते, अशा आशयाचे निरीक्षण चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात मांडले होते. ते गळाच्या दोरीलाही लागू पडते. गोड्या पाण्यातले उदाहरण याहून बोलके आहे. मरळ पावसाळ्यात विणते आणि नर-मादी आपल्या पिलांची राखण करतात. पिलांचा तांबूस थवा श्वास घेण्यासाठी वारंवार पृष्ठभागावर येतो, आणि त्या थव्याच्या मधोमध प्लास्टिकचा बेडूक टाकला की राखणीला असलेली मोठी मरळ भुकेने नव्हे, तर रागाने त्यावर तुटून पडते. ‘यंदाची सर्वांत मोठी मरळ’ या उद्दिष्टाची पूर्तता अशी सहज होते. पिले मात्र राखणदाराविना उरतात आणि इतर माशांच्या तोंडी पडतात. अशा पूर्ततेत कसब कितीसे लागले, हे प्रत्येकाने स्वतःशीच ठरवावे.

दहा किलोच्या जिताड्याबद्दल अधिक विस्ताराने लिहावे लागेल, कारण हे स्वप्न कोकणातल्या बहुतेक गळवाल्यांचे असते आणि ते सोडून द्या, असे मी म्हणणार नाही. मात्र जिताड्याची एक गोष्ट ठाऊक असलेली बरी. हा मासा वयात येतो तेव्हा बहुधा नर असतो आणि पुढे काही वर्षांनी, साधारण ८० ते १०० सेंटिमीटर लांबीच्या टप्प्यात, त्याचे मादीत रूपांतर होते. म्हणजे दहा किलोच्या आसपासचा जिताडा बहुतेक वेळा अंडी देणारी मादी असते, आणि मादी जितकी मोठी तितकी तिची अंडी जास्त. २०२३ मध्ये आपल्या राज्य शासनाने ५४ सागरी जातींसाठी किमान आकारमान ठरवून दिले. त्यातून लहान माशाला अभय मिळते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हौशी मासेमारांना समुद्रात पकडलेला स्ट्राइप्ड बास २८ ते ३१ इंच या दरम्यानचा असला तरच ठेवता येतो, म्हणजे तेथे मोठ्या माद्यांनाही अभय आहे. अशीच वरची मर्यादा आपण स्वतःपुरती घालून घेतली तर कोणाची परवानगी लागत नाही.

तेव्हा हे उद्दिष्ट वजनाऐवजी लांबीत लिहा आणि मासा सोडून द्यायचा, हे त्याच वाक्यात लिहा. मासा वजनकाट्याला लटकवण्याची गरज नाही. सर्वांत जाड भागाचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, त्याला लांबीने गुणावे आणि सुमारे २९,००० ने भागावे; वजनाचा किलोमधला बऱ्यापैकी अंदाज मिळतो. ८० सेंटिमीटर लांबी आणि ५० सेंटिमीटर घेर असेल तर उत्तर सात किलोच्या जवळ येते. मोजताना हात ओले असावेत, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याबरोबर माशाचे संरक्षणही जाते. मोठा मासा जबड्याला धरून उभा लटकवू नये. दोन्ही हातांवर आडवा पेलावा. गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून टाकला असेल तर सोडवण्यात वेळ जात नाही.

याच ओघात आणखी एका उद्दिष्टापासून सावध करतो, कारण आपल्या मंडळात ते कधी ना कधी निघेलच : शक्य तितक्या बारीक दोरीवर मोठा मासा काढून दाखवणे. काढणाऱ्याला त्यात कौशल्य दाखवता येते, हे खरे. पण बारीक दोरीमुळे झुंज लांबते, मासा थकतो, आणि एप्रिल-मेच्या तापलेल्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी असल्यामुळे सोडल्यानंतरही तो सावरत नाही. खायचा असेल तर गोष्ट वेगळी. सोडायचा असेल तर दोरी जाड हवी आणि झुंज आटोपशीर हवी.

विक्रमांच्या मागे लागण्याबद्दल जाता जाता एक सांगतो. १९३२ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी या तरुण शेतकऱ्याने २२ पौंड ४ औंसांचा लार्जमाउथ बास पकडला. पावसाने शेतात काम करता येण्याजोगे नव्हते म्हणून तो त्या दिवशी मासे पकडायला गेला होता, असे सांगितले जाते. मासा वजन करून त्याच्या घरच्यांनी खाल्ला. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांना त्याहून सुमारे २७ ग्रॅम जड मासा लागला. परंतु या वजनगटातील जुना विक्रम मोडण्यासाठी नवा मासा किमान २ औंस, म्हणजे सुमारे ५७ ग्रॅम जड हवा, असा आंतरराष्ट्रीय नोंदणी संस्थेचा नियम आहे. म्हणून जड मासा पकडूनही कुरिता बरोबरीतच राहिले. यात मला दोष कोणाचाच दिसत नाही. केवळ आकड्यावर आपला आनंद टांगणे किती ठिसूळ असते, एवढे दिसते.

बारा जातींचे उद्दिष्ट मात्र मला मनापासून आवडले. ते आपल्याला दगडावरून उठवते. बोय बहुतांशी शेवाळ आणि गाळातले बारीक अन्न खाते. तिला कोलंबी दाखवून उपयोग नाही, कणकेचा मऊ गोळा आणि अगदी लहान गळ लागतो. काळुंदरही शेवाळाच्या खडकांजवळ राहते आणि आमिष हळूच टोचून पाहते, तेव्हा तरंगीची बारीक हालचाल ओळखायला शिकावे लागते. मुडदुशीसाठी वाळूचा तळ शोधावा लागतो, म्हणजे खाडीच्या मुखाकडे जाणे आले. तांबोशी खडकांच्या आणि खारफुटीच्या मुळांच्या आडोशाला असते. लागताच ती आत घुसते आणि दोरी कापली जाते. जिताड्यासाठी ओहोटीला उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडण्याच्या दाराच्या, तोंडाशी किंवा पुलाच्या खांबाच्या सावलीत जिवंत कोलंबी सोडून थांबावे लागते, कारण आतले पाणी बाहेर पडताना लहान मासळीही त्याबरोबर येते आणि तो तिची वाट पाहत असतो. या प्रत्येक जातीबरोबर आपल्याला खाडीचा एक नवा कोपरा आणि एक नवी सवय कळेल. बाराऐवजी आठच झाल्या तरी त्या आठ शिकलेल्या असतील. एकच पथ्य पाळा : जात मिळाली म्हणून नावापुढे खूण करून लगेच पुढच्या जातीकडे धावू नका; तोच मासा पुन्हा, ठरवून, पकडता येतो का ते पाहा.

त्याच दगडावर बसून राहण्याची जी भीती आपल्याला वाटते, तिच्यावर माझ्या मते उतारा हाच आहे की माशाऐवजी पाण्याविषयीचे एखादे उद्दिष्ट ठेवावे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा ठोकताळा आपल्या किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या वापरात आहे : चतुर्थीला सुमारे तीन, अष्टमीला सुमारे सहा. पण खाडीच्या मुखापासून आत जावे तशी भरती उशिरा पोहोचते. आपल्या नेहमीच्या जागी ती किती उशिरा येते, उधाणाला (मोठ्या भरतीला) आणि भांगाला (लहान भरतीला) त्यात किती फरक पडतो, पाणी फिरण्याच्या नेमक्या कोणत्या टप्प्यात मासे आमिष घेतात, हे एका वर्षात स्वतः शोधून काढायचे, असे ठरवा. या उद्दिष्टाची गंमत अशी की रिकाम्या हाताने परतलेला दिवसही त्यात जमेला धरला जातो. फक्त एक सूचना : वाशिष्ठीत मगरी आहेत. काठावरून पाण्यात उतरून उभे राहावे लागेल, असे काहीही ठरवू नका. अंधारात तर मुळीच नको.

ॲपवरची नोंद बंद करू नका. नोंद आणि उद्दिष्ट या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नोंदीचे मोल किती असते याचे उत्तम उदाहरण कावेरीचे आहे. कर्नाटकात गॅलिबोर येथील छावणीवर गळाने महसीर पकडून सोडणाऱ्या हौशी मंडळींनी १९९८ ते २०१२ या काळात आपल्या माशांची नोंद ठेवली होती. संशोधकांनी ती तपासली, तेव्हा असे दिसले की पकडल्या जाणाऱ्या महसीरांची संख्या वाढत होती, पण त्यांचा आकार घटत होता. कारण असे की कावेरीत मूळचा असलेला, कुबडाचा, नारिंगी परांचा महसीर नाहीसा होत चालला होता आणि त्याची जागा निळ्या परांच्या महसीराने घेतली होती. हा दुसरा मासा बाहेरून आणून सोडलेला होता, आणि त्याची पिले आपल्या लोणावळ्याजवळच्या वळवण येथील पैदास केंद्रातून गेली होती. सोडणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. जो केवळ संख्येवर समाधानी होता त्याला सगळे उत्तम चाललेले दिसत होते. ज्यांनी जात आणि आकारही लिहून ठेवला त्यांच्यामुळे खरी स्थिती उजेडात आली. कुबडाच्या महसीराची नोंद २०१८ मध्ये जागतिक लाल यादीत अति संकटग्रस्त म्हणून झाली.

म्हणून आपल्या नोंदीत तिथी, भरतीची अवस्था, वारा, पाण्याचा रंग, आमिष, जात आणि लांबी हे सारे असू द्या, आणि मासा न लागलेल्या दिवसाचे पानही तितक्याच काळजीने भरा. एकूण बेरीज दाखवणारा भाग ॲपमध्ये लपवता येत असेल तर लपवा. मित्रमंडळात दरमहा आकडे वाचून दाखवण्याची पद्धत असेल, तर आपण आकड्याऐवजी त्या महिन्यात काय उमगले ते सांगा. बाकीचेही बहुधा आपल्या वाटेने येतील. आणि वर्षाच्या मध्येच एखादे उद्दिष्ट नकोसे झाले, तर ते सोडून द्यायला कोणाकडे राजीनामा द्यावा लागत नाही.

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करते. मैत्रिणींबरोबर पवना धरणाच्या परिसरात गेले असताना प्रथमच रॉड हातात घेतला आणि गोडी लागली. पहिल्याच वर्षी महसीर पकडायचा, असे मनाशी ठरवले आहे. हे उद्दिष्ट योग्य आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : महसीर कुठे जात नाही, त्याला थोडे थांबू द्या. ठोस आणि अवघड उद्दिष्टाने कामगिरी सुधारते, हे एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून दाखवले. परंतु काम नवे आणि गुंतागुंतीचे असेल, तर निकालाचे उद्दिष्ट माणसाला गोंधळात टाकते आणि शिकण्याचे उद्दिष्ट अधिक लाभते, हेही पुढच्या संशोधनातून दिसून आले. पहिल्या वर्षी सगळेच नवे असते.

प्रथम दोन गाठी डोळे मिटून बांधता येतील इतक्या पक्क्या करा; पालोमार आणि क्लिंच पुरेशा आहेत. गाठ आवळण्यापूर्वी ओली करायची सवय लावा, कारण कोरड्या नायलॉनला घर्षणाची ऊब लागून ते नेमके तिथेच कमकुवत होते. मग गळ न लावता नुसते शिसे बांधून मोकळ्या मैदानावर घमेल्यात फेक टाकण्याचा सराव करा. दहा पावलांवरून नेम साधू लागला की अंतर वाढवा. हे सारे आपल्या हातातले आहे, आणि ते साधले की तिलापिया, मरळ यांच्यासारखे मासे आपोआप लागू लागतील.

दोन व्यावहारिक गोष्टी. धरणांतील मासेमारीचे हक्क बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नये. त्यांच्या पोटाचा तो प्रश्न असतो आणि आपली हौस त्यावर उभी राहू नये. दुसरे, महाडजवळच्या वाळण कोंडीसारख्या देवाच्या डोहांतले महसीर गावांनी श्रद्धेने राखलेले आहेत. तिथे जावे, कुरमुरे टाकून मासे पाहावेत. रॉड मात्र घरीच ठेवावा. पाण्याखाली महसीर कसा वावरतो हे जवळून पाहायला मिळणे, हेच आपल्या उद्दिष्टातले पहिले पाऊल समजा.

आपले म्हणून आणखी एक उद्दिष्ट सुचवतो : नेलेली सर्व दोरी परत आणायची. तुटलेले नायलॉन काठावर वा झुडपात राहिले की पक्ष्यांच्या पायांत अडकते, आणि ते वर्षानुवर्षे कुजत नाही.

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याला माझ्याबरोबर गळ टाकायला आवडते. उत्साह टिकावा म्हणून प्रत्येक माशामागे दहा रुपये द्यायचे ठरवले, तर?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : देऊ नका. १९७३ मध्ये अमेरिकेत मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या चित्रे काढायला आवडणाऱ्या मुलांवर एक प्रयोग केला. ज्या मुलांना आधीच बक्षीस कबूल करून चित्रे काढायला सांगितली होती, ती नंतर मोकळ्या वेळेत स्वतःहून कमी चित्रे काढू लागली. ज्यांना बक्षीस अनपेक्षितपणे मिळाले, त्यांच्या आवडीला तसा धक्का बसला नाही. आपल्या मुलाला आवड आहेच. तिला भाव लावला की दहा रुपयांसाठी जिवंत मासा ही अदलाबदल त्याला लवकर कळेल, आणि दर वाढवून मागण्याइतका तो मोठा झालेलाच आहे.

त्याऐवजी मापपट्टी आणि वही त्याच्या ताब्यात द्या. मासा मोजणे, जात ओळखणे, ठेवायचा की सोडायचा हे ठरवणे, ही कामे त्याची. एखाद्या दिवशी काही न सांगता वाटेत आइस्क्रीम घेऊन दिलेत तर काही बिघडत नाही. तासाभराने तो खेकड्यांच्या मागे धावू लागला तर आपला रॉड गुंडाळून त्याच्याबरोबर जा; गळाकडे परत कधी वळायचे, ते त्याला ठरवू द्या.